बायच्या हॉटेलातलं हुमण

चांगलं हॉटेल मला बाहेरूनच ओळखता येतं, असा माझा गर्व होता. दारात कुंड्या असल्या की पुढं जायचं. भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं दिसलं की आणखी भराभर पुढं जायचं. मातीच्या मडक्यात भात, करवंटीत सोलकढी आणि मेनूवर ‘आजीच्या हातचं’ असं छापलेलं असलं, की त्या आजीला जरा बाहेर बोलवा म्हणावंसं वाटतं. उलट बाकं डुगडुगतायत, दारावर पाटी नाही, मालक तुसडा आहे आणि तरी माणसं हात धुवायला रांग लावून उभी आहेत, अशा ठिकाणी मी डोळे मिटून शिरते.

नोकरी पणजीत, राहते पर्वरीला, गेल्या वर्षापर्यंत एकटीच. दुपारी ऑफिसात सगळ्यांचे डबे उघडले की माझे पाय वळवळायला लागतात. म्हापशाच्या बाजारामागं एक भाजी-पाववाला आहे, तो काय हवं म्हणून विचारतच नाही. पातळ भाजीत सुकी भाजी ओतून, वर उंडा म्हणजे गोल पाव ठेवून बशी समोर आदळतो. बांधकामावरच्या मजुरांसाठी एक कर्नाटकातली बाई ज्वारीच्या भाकऱ्या थापते, तिथं मी विटांवर बसून जेवले आहे. बड्या हॉटेलांत नूडल्स ढवळणारे नेपाळी आचारी स्वतः कुठं डाळभात आणि मुळ्याचं लोणचं खातात, ते मी शोधून काढलं. वीस-बावीस वर्षं हेच चाललंय. एखादं ठिकाण आवडलं की दोन महिन्यांत तिथं बसवेनासं होतं आणि पुन्हा गाडी काढते. आई म्हणते पोरीच्या पायाला भिंगरी आहे, आणि ती बापाकडून आली आहे.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. घर आमचं डिचोलीचं. दिवसभर पाळीच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यावर खनिज न्यायचं, संध्याकाळी केसांपासून नखांपर्यंत लाल होऊन घरी यायचं. दुपारचं जेवण पाळीला, एका बाईच्या हॉटेलात. तिचं नाव कुणी घेत नसे, सगळे ड्रायव्हर तिला नुसतं ‘बाय’ म्हणत. घरी आई पानात बांगड्याचं हुमण वाढायची, आमच्याकडं माशांच्या आमटीला हुमण म्हणतात, आणि बाबा दोन घास खाऊन म्हणायचे, “हुमण खावचा तर बायच्या हॉटेलातला.”

हे आठवड्यातून निदान एकदा. चिडून नव्हे, अगदी सहज, आज ऊन फार आहे म्हणावं तसं. आई वाढत राहायची. ते हात धुवायला उठले की मात्र भांडी आवरता आवरता पुटपुटायची, “नावडतीचा मीठ अळणी.”

आई बांद्याकडची, म्हणजे हाताला चव घेऊनच आलेली. वाड्यावर कुणाकडं पाहुणे आले की वाटण वाटायला आईला बोलावणं यायचं. बाबांचं ते वाक्य ऐकलं की मला आईची बाजू घेऊन भांडावंसं वाटे. पण बाबांशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं. ते हसायचे आणि बाहेर पडायचे.

गेल्या वर्षी बाबा गेले आणि आईला मी पर्वरीला घेऊन आले. वर्षश्राद्धासाठी डिचोलीला गेलो, सगळं नीट पार पडलं, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून आई म्हणाली, “माका ता बायचा हॉटेल दाखय.”

मी हरखलेच. हे तर माझंच क्षेत्र. मनातल्या मनात मी निकालसुद्धा लावून टाकला. आई ते हुमण चाखणार, ते साधंच निघणार, दुरून डोंगर साजरे म्हणतात तसं, आणि चाळीस वर्षांनी का होईना आई जिंकणार. मला तिला जिंकलेलं बघायचं होतं.

आई सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे मासळी बंद, मला सुट्टी रविवारी. तेव्हा रविवार ठरला. पाळीला गेलो तर हॉटेलच्या जागी चार खांब आणि अर्धे पत्रे. चुलीच्या जागी घाणेरी माजलेली. समोर पंक्चरवाला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, “बाय? खाणी बंद पडल्यो तशी गेली ती. खंय गेली काय म्हायत.” आई गाडीतून उतरली, त्या खांबांच्या भोवती एक चक्कर मारून आली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. बाबांचा ट्रक इथंच कुठंतरी उभा राहत असणार. मी हॉर्न वाजवला तेव्हा येऊन बसली.

शहाण्या माणसानं इथं विषय संपवला असता. पण मला चैन पडेना. बायचं हॉटेल नाही तर नाही, तसलं दुसरं शोधू, असं म्हणून मी आईला घेऊन फिरत सुटले. आमोण्याला नदीजवळ एका घरात जेवण मिळतं, तिथं नेलं. आईनं तळहातावर हुमणाचा थेंब घेऊन चाटला. “बरा आसा. पण ह्या ता न्हय.” मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं ऐकून मी मांद्र्याच्या किनाऱ्यावर गेले आणि पस्तावले. खुर्च्यांना उशा, वर कंदील, आणि वेटर आईला समजावून सांगतोय की हुमण म्हणजे काय. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग त्याला मोडक्या हिंदीत गाव विचारलं. तो सिलिगुडीचा निघाला. “जेवलास मा रे?” असं तिनं त्याला आपल्या भाषेत विचारलं आणि त्याला ते बरोबर कळलं. तिथं आवडण्यासारखं तेवढंच घडलं.

पुढच्या रविवारी मी चक्क खोटं बोलले. डिचोलीच्या बाजारात एक जुनी खानावळ आहे, हुमण फर्मास असतं. ती त्या बायच्या मुलाची आहे असं सांगून मी आईला आत नेलं. आईनं एक घास खाल्ला आणि माझ्याकडं बघितलं. मला लहानपणी चोरून साखर खाताना पकडायची तेव्हा बघायची तसं. “तुजा पोट भरला मा? चल.”

गाडीत माझा भडका उडाला. “हुमण म्हणजे हुमण ना गं! नारळ, मिरची, सोलं आणि बांगडा. त्यात एवढं काय शोधायचंय? तुझ्या हातचं ह्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, हे मी शपथेवर सांगते. मग कशाला हा ध्यास?”

“तू सांगून काय होता?” एवढंच ती म्हणाली.

त्या महिन्याभरात तिनं घरी हुमण केलंच नाही. मी आणला तर तळून मोकळी झाली. हुमण कर म्हटलं तर म्हणे, “आधी ता खातंय. मगे बघतंय.” हाताला चव असलेली बाई चुलीपाशी अशी बिचकून उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. मला आता त्या न पाहिलेल्या बायचा राग यायला लागला होता, आणि बाबांचाही.

पत्ता शेवटी फिरून नाही, घरबसल्या लागला. बाबांबरोबरचा एक जुना ड्रायव्हर, आता शाळेची बस चालवतो, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मी सहज विचारलं. “बाय ना? ती पार्सेला आहे, माहेरच्या घरात. पडवीत जेवण घालते अजून.” मी सहा तालुके पालथे घालायला निघाले होते, आणि ह्याला तिचं घर कुठल्या आंब्यापाशी आहे तेसुद्धा ठाऊक होतं.

रविवारी पार्से गाठलं. काजूच्या झाडांमधून एक कच्चा रस्ता, शेवटी कौलारू घर, पडवीत चार बाकं. पाटी नाही. हात धुवायला रांग. रस्त्याच्या कामावरचे मजूर, बागेत नारळ पाडायला आलेले दोघे, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या दोन बायका. माझ्या सगळ्या परीक्षांत हे हॉटेल दारातच पास झालं. मला ते आवडलं नाही.

बाय आईच्याच वयाची निघाली, काटकुळी, आवाज खणखणीत. “बसा. बांगडोच आसा. दुसरा काय ना.” पानं आली. स्टीलची ताटं, उकड्या तांदळाचा भात, वाटीत हुमण, कडेला किसमूर म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर.

आईनं तळहातावर थेंब घेतला. चाटला. मग वाटी भातावर उपडी केली आणि खाली मान घालून जेवायला लागली. मी घास घेतला. तिरफळांचा वास आधी आला, मग सोलांचा आंबटपणा, आणि मिरची अगदी शेवटी, घास गिळल्यावर. नारळ इतका गुळगुळीत वाटलेला, की त्यात नारळ आहे हे कळूही नये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं नव्हे, संतापानं. बाबा खरं सांगत होते.

आईनं आणखी भात मागितला. आणखी हुमण मागितलं. बांगड्याचा काटा न् काटा चोखून कडेला ठेवला. मी न राहवून कानाशी म्हटलं, “तुझं जास्त चांगलं असतं हं.”

“गप ऱ्हव,” आई म्हणाली. “माज्यापरास चांगला आसा. चांगला आसा ता बरा झाला. वायट निघाला असता तर मी काय करूचा होता?”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. महिनाभर मी देवाकडं मागत होते की ते हुमण वाईट निघू दे. आणि आई त्याच देवाकडं उलटं मागत होती. ते वाईट असतं तर बाबांना तिच्या हातचं नव्हे, तीच नकोशी होती, असा अर्थ झाला असता. आता तसं नव्हतं. नवऱ्याची जीभ चांगली होती आणि तो खरं बोलत होता, बस. आईचा चेहरा इतका मोकळा झालेला मी वर्षभरात पाहिला नव्हता.

बाय ताटं उचलायला आली तेव्हा आईनं आपण होऊन ओळख सांगितली. डिचोलीचा हिरव्या ट्रकवाला, डोक्याला नेहमी खाकी टोपी. बाय कमरेवर हात ठेवून हसायला लागली. “अगे, तो! तीनदा भात घेय. आनि बांगड्याचा डोका दुसऱ्या कोणाक दिवक देय ना!” आईसुद्धा हसली. दोघी बाबांना हसत होत्या, आणि मला वाटलं आता सगळं जमून आलं.

जमून आलेल्या गोष्टीत माझं नाक खुपसायलाच हवं होतं. मी म्हटलं, “त्या काळी बायका कुठं हॉटेलात जेवायच्या, नाहीतर बाबांनी हिला आणलंच असतं एकदा.”

“येयत मगो,” बाय ताटं रचता रचता म्हणाली. “आयतवारी कितले ड्रायव्हर बायल-भुरग्यांक घेवन येयत. दादले भायर बसत, बायलो भितर माज्या चुलीकडे पाट घालून बसत. मज्जा येय. कोण कोण तर माका वाटण वाटून दियत.”

म्हणजे बाकीचे ड्रायव्हर रविवारी बायकापोरांना आणत होते; ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आईनं हसू तसंच ठेवलं, पण ते चेहऱ्यावर नुसतं राहून गेलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले, बायच्या पाठीवरून हात फिरवला आणि चालत गाडीकडं गेली.

मी गाडीत बसले. चावी लावली, फिरवली नाही. आई समोरच्या काचेतून काजूच्या झाडांकडं बघत होती.

“खोटा नाय सांगल्यानी तेंनी,” ती म्हणाली. “चाळीस वर्सां खराच सांगल्यानी. मगे माका एकदा घेवन येवक काय झाला हुता? डिचोलेसून पाळी ती कितकी लांब?”

मी बाबांची वकिली करायला गेले. कामाचा माणूस, रविवारी थकलेला, घरातल्या माणसाचं असं वेगळं काही करायचं असतं हे त्या पिढीला सुचायचंच नाही. बोलता बोलता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं, तरी मी बोलत राहिले.

आईनं मला पुरतं बोलू दिलं. मग माझ्याकडं वळली. “बरा. तेंका सुचला नाय. आनि तुका?”

“मला काय?”

“तू इतकी वर्सां हॉटेलां फिरतस. घराक येतस आनि माका सांगतस, असा खाल्लंय, तसा खाल्लंय. मी मागलंय तेव्हा माका घेवन इलस. आधी तुका कधी वाटला नाय?”

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

माझ्याकडं उत्तरं होती. तू सोमवार-गुरुवार शिवराक असतेस. तुला गाडी लागते. चारचौघांत बसून जेवायला तुला लाज वाटते. बाहेरचं तुला आवडत नाही. सगळी उत्तरं तोंडाशी तयार होती, आणि ह्यातलं एकही मी तिला कधी विचारलेलं नव्हतं.