पेटीचं झाकण

माझ्या अभिनयामुळे आजवर एकच माणूस घर सोडून निघाला. ते माझे सख्खे वडील.

झालं असं की, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी मी आणि बाबा एक जुना काळापांढरा सिनेमा बघत होतो. (बायको माहेरी. म्हणजे मला आवरणारं कोणी नव्हतं!) सिनेमा एका नाटकावरून काढलेला. तेच नाटक बाबांनी तरुणपणी उमरेडला गणपतीत केलेलं, आणि त्यात म्हाताऱ्या बापाचं काम त्यांचंच. मुलगा बापाला घराबाहेर काढतो, तो प्रवेश आला.

“आता ऐकजो,” बाबा सरसावले. “इथं बापाचं मोठ्ठं भाषण आहे. मी सुरू केलं का बायांचे पदर डोळ्याले लागत!”

पण सिनेमातला बाप बोललाच नाही. मुलगा ओरडत राहिला आणि तो नट खाली बसून लोखंडी पेटी भरत राहिला. झाकण लावलं, तर धोतराचं टोक बाहेर. आत ढकललं. पुन्हा बाहेर. शेवटी टोक तसंच ठेवून तो उठला. बस, एवढंच! बाबांकडे पाहिलं तर ते चष्मा पुसत होते.

“एक शब्द नाही बोलला गा हा,” ते हळूच म्हणाले. “आम्ही उगाच बोंबललो.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण रसिक माणूस गप्प बसतो होय? मौनाचं सामर्थ्य या विषयावर मी इतकं बोललो, इतकं बोललो, की बाबा उठलेच. पलंगाखालची पेटी त्यांनी ओढली.

“भाषण पुरे. करून पाहू. तू पोरगा हो.”

ते पेटी भरायला बसले. मी दाराकडे हात करून म्हणालो, “चालते व्हा माझ्या घरातून!”

“काय म्हणून राहिला?” बाबांनी कानाला हात लावला. कूलर धडधडत होता, त्यांना ऐकूच येईना. मग मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “चालते व्हाऽऽ!”

आणि दारात शेजारच्या वानखेडे काकू! हातात कुरडयांचं ताट.

“माय वं!” म्हणाल्या, ताट तिथंच ठेवलं आणि पळाल्या. त्यांनी थेट हुडकेश्वरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. भर उन्हात, तोंडाला दुपट्टा बांधून ताई स्कूटरवर हजर! मागोमाग काकू.

“लाज आहे का बे तुले?”

“अवं ताई, आम्ही ॲक्टिंग करून राहिलो होतो!”

“मंग करून दाखव.”

केलं. पण ताईच्या डोळ्यांसमोर माझे हात कुठं ठेवावेत तेच कळेना, आवाज चिरकला, आणि ‘चालते व्हा’ मी असं म्हणालो, जसं कोणी ‘चहा घ्या’ म्हणावं. ताईनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली.

“मघाशी असं नव्हतं वं. मघाशी एकदम खरं होतं.”

लागला निकाल! ज्याला अभिनय येतच नाही, तो मघाशी खरंच बोलला असणार.

“बाबा, तुम्ही सांगा ना हिला!”

बाबांनी सांगायला काय हरकत होती? पण समोर दोन प्रेक्षक, तेही रडायला तयार! उमरेडचा नट जागा झाला. ते काही न बोलता खाली बसले. झाकण लावलं. धोतराचं टोक बाहेर. आत ढकललं. पुन्हा बाहेर. मग टोक तसंच ठेवून उठले. काकूंना हुंदका फुटला. ताईनं पेटी उचलली.

“चला बाबा, माझ्याकडं.”

पेटी स्कूटरवर पुढं, बाबा मागं. माझ्याकडे बघेनात. हे नाटक कुठं संपतं तेच मला कळेना. आणि बाबा तिकडंच रमले तर? आई गेल्यापासून, संध्याकाळी मी कामावरून आलो की ‘आला का गा?’ असं विचारणारे तेच. ते ऐकायला मिळालं नाही तर त्या घरात मी शिरणार कसा? मी फाटक धरून उभा राहिलो. ‘नका जाऊ’ म्हणायचं होतं, पण तोंडच उघडेना. पेटीतून लोंबणाऱ्या त्या टोकाकडे नुसता बघत राहिलो.

ताईनं गाडी सुरू केली. तेवढ्यात बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यावर थाप मारली.

“थांब वं पोरी, उतरू दे मले. ह्याले आत्ता जमलं!”

ताईनं आम्हा दोघांनाही यथेच्छ झापलं आणि मग काकूंच्या कुरडया तळायला घेतल्या.

तेव्हापासून पाहुणे आले की बाबा कौतुकानं म्हणतात, “तो फाटकाचा सीन करून दाखव गा.” मी जीव ओतून करतो. फाटक धरतो, पेटीकडे बघतो, डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न करतो. पाहुणे थोडा वेळ बघतात आणि मग काळजीनं विचारतात, “काहून, ऑटो येऊन नाही राहिला का?”