डोक्यावरची माशी

युगांडातल्या लुकाया गावात लुतायाचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. त्याचा व्हिडिओ हॉल म्हणजे फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आत बाकडी आणि समोर एक मोठा टीव्ही. पिक्चर यायचे ते परदेशी, त्यातलं बोलणं कुणाला कळत नसे. लुताया टीव्हीचा आवाज बारीक करी, माईक हातात घेई आणि सगळी गोष्ट लुगांडा भाषेत सांगत जाई. पात्रांचे आवाजही तोच काढी. खलनायकाला तो भाडं मागायला आलेल्या घरमालकाची बोली द्यायचा, गुंडांच्या म्होरक्याला बाजारात पावत्या फाडणाऱ्या कारकुनाची. बंदूक चालली की म्हणायचा, "जरा खोकला झालाय तिला." पिक्चर कुठलाही असो, लोक लुतायाला ऐकायला येत. दाराबाहेर भोंगा टांगलेला होता, त्यामुळे पैसे न देणारेही ऐकत.

मारधाडीचा पिक्चर लागला की आईबाप त्याच्याकडे येत. "लुताया, आमचा यंदा चौदाचा झाला. पाठवू का?" तो डोळे मिटून जरा आठवे आणि निकाल देई. "पाठवा." नाहीतर, "हा नको, यात बायका कपड्यांचा कंटाळा आल्यासारख्या हिंडतात." नाहीतर, "यात रक्त फार. पोरगं रात्री तुमच्या अंथरुणात घुसेल, मग मला शिव्या देऊ नका." चर्चचे पाद्रीसुद्धा आपल्या मुलांसाठी त्यालाच विचारत. या गोष्टीचा लुतायाला अभिमान होता. बायकोला तो म्हणायचा, "गावातली निम्मी पोरं माझ्या शब्दावर वाढली."

नालोंगोची शेगडी हॉलपासून हाकेच्या अंतरावर, बस थांबतात तिथे होती. जुळ्यांच्या आईला नालोंगो म्हणतात. तिचं खरं नाव तिलाही आठवावं लागलं असतं. बस थांबली की ती भाजलेली कोंबडी आणि गोंजा, म्हणजे भाजलेली केळी, काडीला लावून खिडक्यांशी धावायची. तिचा नवरा मोटारसायकलवर गिऱ्हाइकं नेण्याचा धंदा करायचा. एका गिऱ्हाइकाने उसाच्या शेताकडे नेलं आणि मागच्या सीटवरून डोक्यात लोखंडी गज घातला. गाडी गेली, माणूसही गेला. त्याच्या अंत्ययात्रेत पेटीच्या एका टोकाला लुतायाचा खांदा होता. थोरली मुलगी किसाक्ये तेव्हापासून मोटारसायकलवर बसली नव्हती. शाळेला चालत जायची.

परीक्षा संपल्यावर एका शनिवारी लुताया केळं घ्यायला आला, तेव्हा नालोंगोने विचारलं, "किसाक्येच्या मैत्रिणी दुपारच्या पिक्चरला चालल्यात. ती कधी काही मागत नाही, आज मागितलं. पाठवू का?"

"पाठवा की. हसून हसून पोट दुखेल."

"मारामारी असेल ना?"

"मारामारी आहे, पण माझ्या हातची. तिखट कमी."

नालोंगोने कोंबडी उलटली. निखाऱ्यांकडे बघतच ती म्हणाली, "तसलं काही नाही ना त्यात?"

तसलं म्हणजे काय, ते लुतायाला नीट कळलं; तिच्या नवऱ्याच्या पेटीला त्याने खांदा दिला होता. त्याने रोजच्यासारखे डोळे मिटले. डोळ्यांपुढून पिक्चर गेला, पण गेला तो त्याच्याच विनोदांच्या रांगेतून. घरमालक आला, कारकून आला, खोकणारी बंदूक आली, माशी आली. "नाही," तो म्हणाला. "तसलं काही नाही."

"मग जाऊ दे," नालोंगो म्हणाली. "तुम्ही सांगताय म्हणजे झालं." केळ्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

दुपारी हॉल गच्च भरला. किसाक्ये मैत्रिणींबरोबर दुसऱ्या बाकावर, चर्चचा ड्रेस घालून बसली होती. निम्मा पिक्चर झाला आणि पडद्यावर एक मोटारसायकल आली. पुढे चालवणारा, मागे गिऱ्हाईक. मागच्याने कोटातून हातोडा काढला. इथे लुतायाचं ठरलेलं वाक्य होतं. त्या वाक्यासाठी पोरं हा पिक्चर पुन्हा पुन्हा मागत. त्याने माईक तोंडाशी नेला आणि मागच्याच्या गोड आवाजात म्हणाला, "दादा, हलू नका हं. डोक्यावर माशी बसलीय."

शेवटचे शब्द सगळ्या हॉलने त्याच्याबरोबर म्हटले आणि हसण्याने पत्रा हलला. तेव्हा त्याची नजर दुसऱ्या बाकावर गेली. किसाक्येही हसत होती. तोंडावर हात ठेवून, इतरांसारखीच. मग हसू थांबलं आणि हात तसाच राहिला.

लुतायाच्या तोंडून पुढचं वाक्य निघेना. पडद्यावर माणूस पडला होता, हातोडा पुन्हा वर जात होता, आणि हॉलमध्ये माईकची खरखर तेवढी ऐकू येत होती.

"ए लुताया, माशी गिळलीस काय?" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

त्याला टीव्ही बंद करता आला असता. त्याने केला नाही. घसा खाकरला आणि पुढचा विनोद केला. मग त्याच्या पुढचा. शेवटपर्यंत त्याने सगळे विनोद केले, एकही वगळला नाही.

पिक्चर सुटला तेव्हा तो दारात उभा होता. मुली रीतीप्रमाणे गुडघे टेकून, सेबो, म्हणजे साहेब, म्हणत मोठ्या माणसाचा निरोप घेत होत्या. किसाक्येनेही टेकले. "धन्यवाद, सेबो," ती म्हणाली. "छान होता." तिने वर पाहिलं नाही. त्यालाही तेच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची नंतर जास्त लाज वाटली.

त्यानंतर तो केळी रस्त्यापलीकडे घेऊ लागला. तिथली बाई फार टोमणेवाली. "का हो, नालोंगोची केळी कडू झाली? की उधारी तुंबली?" तो हसण्यावारी नेई. घरी त्याचं बोलणं कमी झालं, बायकोने विचारलं तर म्हणे, घसा बसलाय. एका सकाळी हॉलमध्ये कुणी नसताना त्याने तोच पिक्चर लावला. माईक काढून ठेवला, आवाज पुरा सोडला. मोटारसायकल आली. चालवणारा मागे न बघता काहीतरी बोलत होता, बहुधा घरचंच, कारण बोलता बोलता हसत होता. इतक्या वेळा पिक्चर लावून लुतायाने तो चेहरा पाहिला नव्हता. तिथे त्याला कायम माशीच दिसली होती.

त्याच दिवशी तो नालोंगोकडे गेला. ती केळी सोलत होती. "या," ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

"नालोंगो, त्या पिक्चरमध्ये..."

"माहीत आहे. भोंगा इथवर ऐकू येतो. माशीचं मी शंभरदा ऐकलंय. मीही हसलेय. पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत होतं."

तिने पुढचं केळं सोलायला घेतलं.

"पोरीने घरी येऊन भांडी घासली," नालोंगो म्हणाली. "सगळी घासून झाली तरी घासत राहिली. मग म्हणाली, आई, सगळे हसले म्हणून मी हसले. आधी हसले, मग कळलं. आई, मी बाबांना हसले का गं?" तिने साल टोपलीत टाकली. "काय सांगू तिला? तुम्हीच सांगा. तुम्ही सगळ्यांच्या पोरांचं सांगता."

शेगडीच्या मागेच त्यांचं घर; लुताया तिकडे गेला तेव्हा किसाक्ये अंगणात पाणी भरत होती. त्याला बघून तिने डबा ठेवला आणि गुडघे टेकले. लुतायाही खाली बसला, मातीतच. मोठा माणूस समोर जमिनीवर बसलेला बघून ती गडबडली.

"हसू माझं होतं," तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडात घातलं. तू बाबांना हसली नाहीस. पडद्यावर माशी नव्हती, बाळ."

"नव्हतीच," किसाक्ये म्हणाली. "मी बघत होते ना, सेबो." मग डबा उचलत तिने विचारलं, "मी पाणी भरू?"

आता कुणी पोराला पाठवू का म्हणून विचारलं, की लुताया डोळे मिटत नाही. "पोरगं कुठलं? कशाला घाबरतं? घरात काही झालंय का?" असं विचारतो. परवा एक लाकडाचा व्यापारी चिडला. "मी पिक्चरचं विचारतोय की मुलगी मागायला आलोय?" तरी लुताया म्हणाला, "आधी घरचं सांगा. मग मी एकदा गप्प बसून बघतो आणि उद्या सांगतो." पाद्री हल्ली स्वतःच ठरवतात. तो पिक्चर त्याने पुन्हा लावला नाही.

पण वाक्य रस्त्यावर गेलं ते गेलंच. मोटारसायकलवाले गिऱ्हाईक मागे बसलं की एकमेकांना तेच ओरडून सांगतात. परवा लुताया नालोंगोच्या शेगडीपाशी उभा होता. बऱ्याच दिवसांनी आला होता. एका पोरगेल्या ड्रायव्हरने त्याला ओळखलं आणि कौतुकाने हाक दिली, "लुताया, हलू नका हं! माशी!"

नालोंगोने मान वर केली नाही. मागे किसाक्ये कोळसे फोडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"ते वाक्य माझं नाही," लुताया हळूच म्हणाला.

"आहे," नालोंगो म्हणाली. "तुमचंच आहे." तिने केळं कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि या खेपेला पैसे घेतले.