दोन ठिपक्यांचा बोल्ट

माझ्या ताईच्या घरात जमिनीवर एखादा स्क्रू सापडला, तर त्या दिवशी जेवणाला उशीर होतो. तो स्क्रू कुठला हे कळेपर्यंत भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, ताटावर बसत नाहीत. खुर्च्या उलट्या होतात, पंखा खाली उतरतो, शिवणयंत्राची उलटतपासणी होते. एकदा तर शेजाऱ्यांचं दार वाजवून त्यांनी शेजारणीला विचारलं होतं, "तुमच्याकडे काही सैल झालंय का?" ती बाई पुढे आठवडाभर ताईशी बोलली नाही.

नदीकाठच्या बोटींच्या वर्कशॉपमध्ये ते हेड मेकॅनिक. तिथले लोक त्यांना समोर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'पंचनामा'. माणूस कामाला वाघ, यात वाद नाही. फक्त स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा जरा जास्तच विश्वास. त्यांचा एक सिद्धांत होता: वस्तू तुटली असेल तर तुकडा सापडतो, आणि तुकडा सापडला नाही तर वस्तू तुटलेली नाही, माणसानं ती लावलेलीच नाही. हे ते इतक्या ठामपणे सांगत की पुढं काही विचारायची ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी.

या सिद्धांतानं माझी नोकरी खाल्ली.

त्या वर्कशॉपमध्ये मी दोन नंबरचा मेकॅनिक होतो. लावून दिलं होतं भाऊजींनीच. तिथली एक पद्धत होती, तीही त्यांनीच पाडलेली. ज्यानं बोल्ट आवळला त्यानं बोल्टच्या डोक्यावर पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, ठिपके मारायचे. भाऊजींचा एक ठिपका, माझे दोन, तिसऱ्या मेकॅनिकचे तीन. म्हणजे उद्या काही निसटलं तर कान कुणाचा धरायचा ते बोल्टच सांगणार.

आमच्याकडे एक जेट बोट होती, प्रवाशांना नदीवर फिरवून आणणारी. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटातला पंप खालून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतो, त्या धक्क्यानं बोट पळते. ते तोंड डावी-उजवीकडे वळवलं की बोट वळते. ते वळवणारा दांडा आत एका बोल्टनं जोडलेला असतो. तो बोल्ट गेला की चालकाच्या हातातलं चाक म्हणजे शोभेची वस्तू.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. आठ प्रवाशांसकट बोट सरळ नदीतल्या गोट्यांच्या बेटावर चढली. एका गृहस्थांचा अर्धा दात गेला, एका बाईंचा चष्मा फुटला, बाकीच्यांनी फोटो काढले. बोट ओढून आणली तर दांडा लोंबत होता आणि बोल्ट गायब होता. मागच्याच आठवड्यात तो मी बसवला होता.

भाऊजी टॉर्च घेऊन बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी गळतीचं पाणी साठतं त्या अरुंद पोकळीत, डोकं घालून बसले. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि त्यांनी लिहिलं: 'तळ पूर्ण तपासला. तुकडा आढळला नाही. बोल्ट बसवलेलाच नव्हता.'

"भाऊजी, मी माझ्या हातानं लावलाय. ठिपकेसुद्धा मारलेत."

"मग तुकडा दाखव."

आता तुकडा मी कुठून दाखवणार? बिल्जमध्ये डोकं त्यांनी घातलं होतं, मला कुणी जवळही फिरकू दिलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर ते आणखी दोन दिवस शोधत बसले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण मी पडलो बायकोचा भाऊ. मेव्हण्याला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी मला घाईघाईनं दोषी ठरवलं. त्यांच्या निःपक्षपातीपणाचं वर्कशॉपभर कौतुक झालं. रंगाऱ्यानं तो अहवाल आठवडाभर फळ्यावर लावून ठेवला होता.

मी पाण्याचे पंप दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं. भाऊजींनी आमच्या घरी येणं बंद केलं, ताई तेवढी दर आठवड्याला एकटी यायची. आई माझ्याजवळच राहते. तिचं मत पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

"जावई कशाला खोटं बोलतील?"

"म्हणजे मी बोलतोय?"

"तसं नाही रे. तू विसरभोळा आहेस."

पुरावा काय, तर सातवीत असताना मी शाळेत छत्री विसरलो होतो.

यंदा मालकानं ती जेट बोट विकायला काढली. घेणाऱ्यानं अट घातली की मागचा तळ उघडून दाखवा. तिथं फळीखाली फोमचा एक मोठा ठोकळा असतो, बोट बुडू नये म्हणून बसवलेला. तो उचलला तर खालच्या काळ्या चिखलात दोन वस्तू निघाल्या: डोक्याकडचा अर्धा बोल्ट आणि एक वाकडी वॉशर.

भाऊजींची कळी खुलली. बेवारशी तुकडा म्हणजे त्यांना मेजवानीच. पहिल्या दिवशी त्यांनी इंजिनाच्या बैठकीचे सगळे बोल्ट तपासले. दुसऱ्या दिवशी पंप उघडला. रोज घरी येऊन ताईला साग्रसंगीत वृत्तान्त सुनावला. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी तो तुकडा रॉकेलमध्ये बुडवला, ब्रशनं घासला, चष्मा लावून उजेडात धरला आणि लगेच फडक्यात गुंडाळून टाकला. ताईनं विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. भूक नाही."

बोल्टच्या डोक्यावर दोन ठिपके होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? हातात छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन, पोटावर सरपटत, बोटीतला माझा प्रत्येक बोल्ट शोधला. कुठला तरी एक तुटलेला निघावा, कुठलाही चालेल, फक्त तो एक नको. निघाले एक्केचाळीस, आणि सगळे जागच्या जागी, घट्ट. मी काम वाईट करत नसे. दांड्याच्या जागी मात्र एक ठिपक्याचा बोल्ट होता. अपघातानंतर तो त्यांनी स्वतःच बसवला होता.

चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा इंजिनाच्या बैठकीपासून सुरुवात केली. त्या संध्याकाळी ताईनं पोळी वाढता वाढता विचारलं, "चार दिवस तुम्ही शोधताय की टाळताय?"

भाऊजींनी घास खाली ठेवला. "त्या फळीचे सहा स्क्रू गंजले होते," ते म्हणाले. "मालक काठावर उभे राहून घड्याळ बघत होते. मी फोम उचललाच नाही."

"आणि लिहिलंत काय?"

"पूर्ण तपासला."

ताई कधी आवाज चढवत नाही. तिनं गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "माझ्या भावाला तुम्ही खोटं पाडलंत. एक फळी न उचलता." बस, एवढंच. मग पुन्हा गॅस पेटवून तिनं उरलेल्या पोळ्या केल्या. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी मालकाकडे गेले. मालक म्हणाला, "अहो, गाडलेली मढी कशाला उकरता? घेणारा बिथरेल." तरी त्यांनी जुना अहवाल काढला, खाली लाल शाईनं लिहिलं, 'तळ पूर्ण तपासला नव्हता. बोल्ट बसवलेला होता, तो तुटला. चूक तपासणाऱ्याची', आणि सही ठोकली. मालक अर्धा तास धुसफुसला आणि फाइल कपाटात गेली. हा अहवाल काही कुणी फळ्यावर लावला नाही.

रविवारी दुपारी ते ताईबरोबर आमच्या दारात उभे राहिले. दोन वर्षांनी. मी या क्षणासाठी भाषणं पाठ केली होती. एक जळजळीत होतं, एक थंड आणि अपमानकारक, आणि एक नुसतंच दार आपटण्याचं. पण आईची धांदल उडाली. "अगं बाई, जावईबापू!" म्हणत तिनं खुर्ची पुसली, कपाटातले चांगले कप काढले, मला पंख्याचं बटण दाबायला लावलं. पाहुण्याला वारा घालता घालता माणूस काय डोंबल भांडणार?

भाऊजींनी खिशातून फडक्यात गुंडाळलेला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो उलटा केला. दोन ठिपके, एक जरा तिरका. माझ्या हातची खूण.

कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगतो. त्या दोन वर्षांत माझी मलाच खात्री राहिली नव्हती. सगळे इतकं शांतपणे सांगतात तर खरंच विसरलो असेन, असं मला वाटायला लागलं होतं. पंप दुरुस्त करून दिला की मी दोनदा परत जाऊन बघून यायचो. त्यामुळे तो गंजका तुकडा हातात आला आणि मी ते ठिपके अंगठ्यानं पुन्हा चाचपून पाहिले. एकही भाषण आठवेना.

"फोमखाली होता," भाऊजी म्हणाले. "मी पाहिलं नव्हतं." मग ते आईकडे वळले. "आई, बोल्ट यानं लावला होता. चूक माझी होती."

आईनं चहा पुढे केला. "असू द्या हो. तुमच्या हातून कशी चूक होईल?"

"झाली, आई."

"तुमचं मन मोठं, म्हणून स्वतःवर घेताय. याला सांभाळून घ्यायची तुमची सवयच आहे."

ताईनं कपाळाला हात लावला. भाऊजींनी पुन्हा सांगितलं, मग फोम म्हणजे काय ते सांगितलं, मग फळीचे सहा स्क्रू सांगितले. आई कौतुकानं मान डोलवत राहिली. जन्मभर ज्या माणसाचा शब्द सगळ्यांनी खरा मानला, त्याच्यावर आज कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. शेवटी ते उभे राहिले आणि ओरडले, "आई, मी खोटं लिहिलं!" आवाज चिरकला. डोळ्यांतून पाणी आलं. हातातला कप हिंदकळून चहा शर्टावर सांडला.

आई घाबरली. जावयाच्या डोळ्यांत पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग रागानं माझ्याकडे.

"काय केलंस रे तू यांना?"

"त्यानं काही केलेलं नाही," भाऊजी म्हणाले.

दोन वर्षं मला त्यांच्या तोंडून एवढंच वाक्य हवं होतं.