डाकबंगल्यातला जानोसा

नाना गेल्याचा निरोप शिरपूरहून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने आणला, तेव्हा मी स्टँडवर भजी खात होतो. भजी तशीच टाकून उठलो, असं लिहायला हवं. पण मी नानांचा पुतण्या... पुडी बांधून घेतली आणि निघालो.

नाना सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावच्या डाकबंगल्याचे चौकीदार आणि स्वयंपाकीही. गोऱ्या साहेबांना त्यांनी कटलेटं करून घातली. गावाने मात्र बंगला कुंपणाबाहेरूनच पाहिला होता. स्वातंत्र्य आलं, गोरे गेले, मग तिथे कुणी उतरेनाच. बंगला बंद होणार, अशी बोलवा उठली. मागच्या खोलीत नाना-काकूंचा संसार. बंगल्याला कुलूप म्हणजे त्यालाही कुलूप. पण नानांना जास्त डाचायचं ते हे, की एवढं मोठं घर आणि पाहुणा नाही. त्यांनी कुणाला न विचारता गावच्या लग्नांचा जानोसा, म्हणजे वऱ्हाडाचा उतारा, बंगल्यात द्यायला सुरुवात केली. साहेबांच्या टोप्यांच्या खुंट्यांवर वऱ्हाडाची पागोटी लटकली, वेताच्या खुर्च्यांवर विहिणी मांडी घालून बसल्या.

एका उन्हाळ्यात शेजारच्या सुमनचं लग्न होतं. नवरदेवाचा मामा आला नव्हता आणि त्याच्याशिवाय नवरदेव मांडवाकडे हलेना. मामाला आणायला मला रस्त्यावर उभं केलं होतं. दोनदा मॅट्रिक नापास माणसाला जमेल असं तेवढं एकच काम होतं. भर दुपारी बैलगाडीतून एक गृहस्थ उतरले. धोतर, पांढरी टोपी, काखेत लाल फीत बांधलेलं बोचकं. मला वाटलं, आहेर!

"मामा उना रे, मामा उना!" मी ओरडलो. वाजंत्री सुरू झाली. नाना पितळी घंगाळ घेऊन धावले.

"अहो, मी..."

"पहिले पाय धोवा, मंग नाव सांगा," नाना म्हणाले.

पाय धुतले, टोपी-उपरणं झालं. नवरदेवाकडचे सगळे आत नटण्यात गुंतलेले. विहीणबाई न पाहताच आतून कडाडल्या, "घरमा मामीनी कोंडी ठेयेल व्हतं का?" गृहस्थ तोंड उघडत, की नाना ताटात तुपाने निथळणारा पुरणाचा मांडा वाढत. शेवटी ते मुकाट्याने जेवू लागले. तेवढ्यात सायकल दामटत खरा मामा आला. सनई मध्येच थांबली. पाहुण्याने हात पुसले आणि बोचक्याची लाल फीत सोडून सरकारी कागद काढले.

"मी तालुक्याहून आलो. बंगला वापरात आहे का, हे पाहायला."

काकूने दाराची चौकट घट्ट धरली. साहेबांनी पागोटी पाहिली, विहिणी पाहिल्या, पलंगावर आडवी झोपलेली पोरं पाहिली.

"वापरात आहे," ते म्हणाले. "बसायला जागा नाही, असा वापरात आहे." आणि आणखी एक मांडा मागितला.

बंगला राहिला. गेल्या दिवाळीत मी नानांना विचारलं, "मी गाढव, ठीक आहे. पण तुम्ही जन्मभर साहेब पाहिलेले, तुम्हाला कसं कळलं नाही?"

नाना खुदकन हसले. "माले समजनं व्हतं रे. आहेरले कोनी लाल फीत बांधस का? पन मानूस भुक्या व्हता ना!"

नानांचे दिवस झाल्यावर काकूला भेटायला गेलो. घंगाळ व्हरांड्यात नेहमीच्या जागी, काठोकाठ भरलेलं. फाटकाशी एक अनोळखी माणूस सायकलवरून उतरला, घामाने भिजलेला. काकू उठायच्या आत मी घंगाळ उचललं.

तो जेवून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.