दोन मिलिमीटरचं भोक

शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून बाईंनी अकरा वर्षं गाडी शिकवली. पायाशी स्वतःचा जादा ब्रेक आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "आरशात स्वतःला नका बघू, मागचा ट्रक बघा!" असं त्या एकदा चक्क एका न्यायाधीशांवर ओरडल्या होत्या. लोक पाठीमागे त्यांना ब्रेकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

अडतिसाव्या वर्षी त्यांना दिवस गेले. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तपासणारी मुलगी पोटावर यंत्र फिरवता फिरवता एकाच जागी घुटमळली, बोलायची थांबली आणि उठून डॉक्टरांना घेऊन आली. बाईंच्या पोटात गोळा आला. म्हणजे एक होताच, त्याच्या शेजारी दुसरा.

"हृदयाच्या पडद्याला बारीक छिद्र दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "काळजी करू नका. बाळांच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे पसारही झाले.

घरी नणंद येऊन बसली होती. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर, त्यामुळे स्वतःला पाऊण डॉक्टर समजायची. तिने रिपोर्ट वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, हृदयाला भोक! बाळ निळं पडणार बघ. ऑपरेशनच. नाहीतर..."

"नाहीतर काय, ताई?"

"जाऊ दे, आपण चांगलंच बोलू," असं म्हणून ताईंनी रुमाल डोळ्यांना लावला. बाईंचा नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. त्याने धुतलेला कप तीनदा परत धुतला.

बाई संडासात नळ सोडून पोटभर रडल्या. मग बाहेर येऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर प्रश्न लिहायला बसल्या. सतरा निघाले.

त्याच आठवड्यात तिघंही हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाऊण तास बारकाईने तपासलं आणि मग त्या हसून म्हणाल्या, "काळजीचं फारसं कारण नाही."

"मॅडम," बाई पोटावरचं जेल पुसत म्हणाल्या, "शिकाऊ माणसाला क्लच म्हणजे काय ते न सांगता 'घाबरू नका' म्हटलं, तर तो गाडी भिंतीत घालतो. मला आधी क्लच सांगा."

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला आणि चार खणांचं हृदय काढलं. चारही कप्पे, झडपा, मोठ्या रक्तवाहिन्या जागच्या जागी होत्या. फक्त खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत दोन मिलिमीटरचं भोक होतं. पोटात असताना बाळाला त्याचा त्रास होत नाही. अशी छोटी भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, कधी जन्माआधी, कधी नंतर. राहिलंच, तर लक्ष ठेवायचं.

"पण निळं?" ताईंनी हळूच विचारलं.

"एवढ्याच भोकाने नाही. डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे झिरपतं. त्याने कुणी निळं पडत नाही."

ताईंनी रुमाल पर्समध्ये टाकला.

"बुजेल याची खात्री?" बाईंनी विचारलं.

"खात्री नाही. शक्यता चांगली. क्वचित असं भोक गुणसूत्रांच्या दोषाबरोबर येतं. हवी असेल तर रक्ताची एक तपासणी करता येते."

"करू," नवरा म्हणाला. त्या दिवशी त्याने उच्चारलेला तो पहिला शब्द.

तपासणीत धोका अगदी कमी निघाला. बाई आठव्या महिन्यापर्यंत गाडीत बसल्या. पोट आडवं येऊन ब्रेकवर पाय पोचेना, तेव्हा कुठे थांबल्या. मुलगी झाली ती लालबुंद आणि आईसारखीच ओरडत. भोक मात्र होतं तिथेच होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीतली मोठी फुसफुस बाईंना ऐकवली. "छोट्या भोकाचा आवाज जास्त असतो," त्या म्हणाल्या. बाईंना यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी ताईंकडे नुसतं बघितलं.

पुढचं वर्षभर तपासण्या झाल्या. मुलीचं दूध पिणं, वजन, दंगा सगळं जोरात. चौदाव्या महिन्यात डॉक्टरीणबाई स्क्रीनवर बराच वेळ शोधत राहिल्या आणि म्हणाल्या, "सापडत नाही. बुजलं."

नवऱ्याने वाकून स्वतः एकदा स्क्रीन बघून घेतला. बाईंनी मुलीला कपडे चढवले. ताईंना मात्र असा काही हुंदका फुटला की नर्स पाणी घेऊन धावत आली.

"तुम्ही आई का?"

"छे हो," नाक ओढत ताई म्हणाल्या, "मी आत्या."