लाल काठाचं धोतर

पोटात कळ आली की कुणाला सांगायचं नाही, हे मी सटाण्याच्या शाळेत असतानाच शिकले होते. बारावीनंतर, नव्वदच्या दशकात, मामांनी मला पंचवटीत आपल्या घरी आणलं आणि कॉलेजात घातलं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील कांदा मार्केटात हमाली करत. पाठवताना त्यांनी मामांना एकच अट घातली होती. एक जरी विषय राहिला तर पोरगी परत आणायची आणि लग्न उरकायचं.

मामांचा इस्त्रीचा धंदा होता. पुढच्या खोलीत टेबल आणि कोळशाची इस्त्री, मागच्या खोलीत आम्ही. गल्लीतल्या एका गुरुजींचे कपडे आमच्याकडे येत. पूजेचं सोवळं त्यांच्याच घरी वाळायचं, पण बाहेरगावी कार्याला नेसायची धोतरं मामांकडे असत. अंघोळ केल्याशिवाय मामा त्यांना हात लावत नसत. ते गाठोडं वरच्या फळीवर एकटं ठेवलेलं असायचं. महिन्याच्या चार दिवसांत मामीने आणि मी पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. तो कुणी बोलून दाखवत नसे आणि कुणी मोडतही नसे.

दुसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर अकराला होता. त्या सकाळी उठले तीच वाकून. मामीने ओवा आणि गूळ घालून पाणी उकळून दिलं. ते पिऊन गुडघे पोटाशी घेऊन पडले. आठ वाजले, नऊ वाजले. कळ ओटीपोटातून कमरेत आणि कमरेतून मांड्यांत उतरत होती. वाचलेलं एक वाक्य आठवेना. डोळ्यांपुढे सटाण्याची एस.टी. तेवढी दिसत होती.

"हिला शेक पाहिजे," मामी पुढच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली. रबरी पिशवी आमच्याकडे नव्हती.

थोड्या वेळाने मामाच आत आले. त्या दिवसांत ते माझ्याशी बोलतसुद्धा नसत. हातात गरम कापडाची जाड घडी होती. ती त्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिली, मग माझ्याशेजारी ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "पोटावर धर. गार झाली की हाक मार."

मी सुन्न झाले. बाप्यामाणूस माझ्या पोटाबद्दल बोलला होता.

दुसऱ्यांदा घडी गरम होऊन आली तेव्हा कळ जरा सैल पडली. मी डोळे उघडले आणि मला लाल काठ दिसला. मी घडी बाजूला टाकली.

"मामा, हे गुरुजींचं."

"माहीत हाय. घरात याच्याएवढं जाड सूत नाय. ऊब धरून ठेवतं."

"पण मी शिवले ना त्याला."

"पेपर किती वाजता हाय?"

"अकराला."

"मग धर."

मामी दारात उभी होती. "वीस वर्षं झाली मला या घरात," ती हळूच म्हणाली. "माझं पोट काय पत्र्याचं होतं का हो?"

मामा इस्त्रीत कोळसे घालायला गेले.

पेपरला बसले तेव्हा पोट बऱ्यापैकी शांत होतं. पण मी धोतर बाटवलं म्हणून आता न वाचलेलंच येणार, अशी माझी खात्री होती. तसं काही झालं नाही. तीन तास लिहीत राहिले.

घरी आले तर धोतर दोरीवर वाळत होतं. मामांनी स्वतः धुतलं होतं.

"गुरुजींना कळलं तर?" मी विचारलं.

"सांगून आलो."

"काय सांगितलं?"

"भाचीचं पोट दुखत होतं, तुमच्या धोतराचा शेक दिला. नवं पाहिजे तर नवं आणून देतो."

"ते काय म्हणाले?"

"काय नाय. दार लावून घेतलं."

"गुपचूप धुऊन दिलं असतं तर चाललं असतं की."

"विश्वासाने देतात लोकं कपडे," मामा म्हणाले आणि पुढच्या शर्टावर पाणी शिंपडू लागले.

गुरुजींच्या घरचं गाठोडं पुन्हा आलं नाही. निकाल लागेपर्यंत मी त्या रिकाम्या फळीकडे बघत होते. आता नापास झाले तर मामांचं ते गिऱ्हाईक फुकट गेलं, एवढंच मनात यायचं.

सगळे विषय सुटले. त्या संध्याकाळी मामांनी एक नवं जाड धोतर आणलं, मधोमध फाडलं, दोन घड्या केल्या आणि त्याच फळीवर ठेवल्या. "एक हिची, एक तुझी. पुढच्या वर्षाला कामी येतील."

"वीस वर्षांनी आहेर आला," मामी म्हणाली. मग उंबरा ओलांडून ती सरळ पुढच्या खोलीत गेली, आपली घडी काढून टेबलावर पसरली आणि इस्त्री उचलून तिच्यावर फिरवू लागली. मी मामांकडे पाहिलं. मामीचा तो दुसरा दिवस होता आणि ते मामांनाही माहीत होतं.

मामा टेबलापासून बाजूला सरकले. "जपून," एवढंच म्हणाले. "लय तापलीय."