पुरीपर्यंतचे दवाखाने

देवीदास रंगारीचं गॅरेज सौंदडच्या फाट्यावर, महामार्गाला लागून आहे. मी तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेत हिशेबाचं काम करत आलो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. माझी स्कूटर पहिल्यापासून देवीदासच्याच हाताखालून गेली, त्यामुळे इथे लिहितो ते बहुतेक समोर घडलेलं आहे. उरलेलं त्याची बायको कुसुमबाई हिने सांगितलं.

त्यांना दोन मुलं झाली, मोनाली आणि अश्विन. दोघांनाही सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं आतून ठणकतात. थंडी बाधली, पाणी कमी पडलं, अंगाला दमणूक झाली, की दुखणं उठतं. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार एवढा होतो. देवीदास म्हणायचा, "अर्धं मी देल्लं, अर्धं इनं देल्लं. भांडाले जागाच नाही राहिली."

१९९९ च्या थंडीत मोनालीचं दुखणं फार वाढलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नागपूरला न्यायचं म्हणून देवीदासने तिला काळी-पिवळी जीपमध्ये बसवलं. काळी-पिवळी भरल्याशिवाय पुढे जात नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. साकोलीला ड्रायव्हर आणखी दोन सवाऱ्यांची वाट पाहत थांबला. पोरीला आडवं व्हायलाही जागा नव्हती. भंडारा यायच्या आधी तिने बापाच्या मांडीवर जीव सोडला. त्या दिवसापासून अश्विनला त्याने कधी दुसऱ्याच्या गाडीत बसवलं नाही. दवाखान्यात न्यायचं झालं तर स्वतः चालवत न्यायचा, कुणाची तरी दुरुस्तीला आलेली गाडी मागून.

२००६ मध्ये एक परदेशी जोडपं नागझिऱ्याचं जंगल पाहून ओडिशाच्या किनाऱ्याकडे निघालं होतं. त्यांच्या गाडीचा क्लच फाट्यावरच गेला. गाडी म्हणजे लहानसं घरच होतं. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, आणि टपावर दोन लांब फळ्या बांधलेल्या. नागपूरहून पार्ट येईपर्यंत ते गॅरेजातच राहिले. चौदा वर्षांच्या अश्विनने फळ्या कशाच्या ते विचारलं, तर समुद्राच्या लाटांवर उभं राहायच्या, असं कळलं. त्या बाईने एक फळी खाली उतरवली, कोंड्याच्या दोन पोत्यांवर ठेवली आणि त्याला पोटावर झोपायला सांगितलं. मग हात टेकून एका झटक्यात उभं कसं राहायचं ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत पोरगा पडत होता आणि हसत होता. त्याला तसं हसताना मीही पहिल्यांदाच पाहिलं.

ते गेल्यावर अश्विन बापाला म्हणाला, "बाबा, मले एकदा लाटेवर उभं राहाचं हाय. एकदाच."

गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, थंड पाण्यातसुद्धा उतरायची बंदी असलेलं पोर हे! देवीदासने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, ऊन कोवळं असेल, पाणी कोमट असेल, पोरगा भरपूर पाणी पिऊन असेल, तर थोडा वेळ चालेल. नाही म्हणून त्याला घरात किती दिवस कोंडणार?

पुढच्याच वर्षी देवीदासने भंगारातून एक मॅटाडोर उचलली. धंद्याची कामं संपली की तिच्या कामाला बसायचा. आडवं होता येईल असा पलंग केला. वाऱ्याची झुळूक येऊ नये म्हणून खिडक्यांना रबर लावलं. गरम पाण्याच्या पिशव्यांसाठी शेगडी, प्यायच्या पाण्याची टाकी. आणि ओडिशाकडून येणारा ट्रक दुरुस्तीला थांबला की ड्रायव्हरला एकच प्रश्न, पुरीच्या समुद्रापर्यंत वाटेत सरकारी दवाखाना कुठे आहे आणि तिथे रक्त मिळतं का. हळूहळू त्याला सगळं पाठ झालं. देवरी, राजनांदगाव, रायपूर, महासमुंद, बरगढ, संबलपूर, अंगुल, कटक. कुठला दवाखाना रस्त्याच्या कोणत्या हाताला आहे, रात्री फाटक कुठून उघडतं, तेही. आणि या गावांत तो आयुष्यात कधी गेला नव्हता!

शेजारच्या चहाच्या टपरीवरून मुन्नालाल ओरडायचा, "क्यों रे देवीदास, बुद्ध को छोड़कर जगन्नाथ के दर्शन को चला?"

"देवाले नाही, पाण्याले चाललो."

"अरे तो स्लीपर का टिकट निकाल. गोंदिया में बैठ, सीधा पुरी में उतर. लेटकर जाएगा लड़का."

"अन् रस्त्याच्या मंदात दुखणं उठलं तं? रेल्वे माह्या म्हणण्यानं थांबते का? दुसऱ्याच्या गाडीत एक लेकरू नेलं मी, मुन्ना."

यावर मुन्नालाल न मागता चहा पाठवायचा.

जायचं ते फाल्गुनातच. थंडी सरलेली, ऊन तापायचं बाकी, पावसाला अवकाश. वर्षातले तेवढेच दिवस त्या पोराला मानवणारे. २००८ च्या फाल्गुनात अश्विनची दहावी आली. पुढच्या वर्षी ऐन वेळी तो दवाखान्यात पडला. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र पोरगा ठणठणीत होता, गाडीही तयार होती. देवीदासने तिच्यात अश्विनला झोपवून गोंदियापर्यंत चक्कर मारली आणि परत येऊन जॅक लावला.

"काऊन खोलून राहिले?" अश्विनने विचारलं.

"मागच्या स्प्रिंगच्या पाट्या कडक हायेत. खड्ड्यात तुले हादरा बसते."

"मले नाही बसला."

"तुले समजत नाही."

"बाबा, गाडी बरोबर हाय. आता चाला."

"पुढच्या साली, बेटा. एकदम नरम करतो."

कुसुमबाई त्या दिवशी डबा घेऊन आली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी रस्ता पाठ करून राहिले अन् पोट्टा मोठा होऊन राहिला." देवीदासने ऐकलं की नाही कोण जाणे. तो गाडीखाली होता.

पाट्या बदलल्या. मग टाकी गळते असं वाटलं, ती बदलली. २०११ चाही फाल्गुन गेला. अश्विन कोंड्याच्या पोत्यांवर घरचीच एक लाकडी फळी टाकून रोज उभं राहायचा सराव करायचा. एकोणिसाव्या वर्षी तो इतका सफाईने उठायचा की थांबलेले ट्रकवाले टाळ्या वाजवायचे.

त्या पावसाळ्यात त्याचा उजवा खुबा दुखायला लागला. नेहमीचं दुखणं समजून सगळ्यांनी शेक दिला. नागपूरला फोटो काढला तेव्हा कळलं, रक्त न पोचल्याने खुब्याचा गोळा आतून वाळत चालला होता. उडी नाही, धावणं नाही, त्या पायावर भार नाही. अश्विनने डॉक्टरांना एकच विचारलं, "मागच्या वर्षी चांगला होता का?"

"असावा," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर देवीदास गाडी चालवत होता. पोरगा मागे त्या पलंगावर होता.

त्यानंतर देवीदासने पुरीचं नाव काढलं नाही. अश्विन काठी घेऊन चालायला शिकला, मोबाइल दुरुस्तीचं काम शिकला. २०१३ च्या फाल्गुनात तो आईला सांगून आणि बापाला न सांगता, संघदीप नावाच्या मित्राबरोबर रेल्वेने पुरीला गेला. देवीदासला कळलं तेव्हा गाडी रायपूरच्या पुढे गेली होती. तो माझ्याकडे आला आणि ओसरीवर बसून राहिला. "कोणत्या डब्यात असन, भाऊ? खिडकी लावली असन का?" असं विचारत राहिला.

अश्विन परत आला त्या दिवशी आम्ही दोघं गोंदिया स्टेशनवर गेलो. पोरगा काठी टेकत उतरला. उन्हाने चेहरा रापला होता. देवीदासने त्याच्या कपाळाला हात लावला, मग मनगट धरलं.

"दुखलं?"

"नाही."

"जातानी?"

"जातानी नाही अन् येतानी बी नाही. झोपून गेलो, झोपून आलो."

"पाण्यात गेला होता?"

"एका पोरानं फळीवर पोटावर झोपवलं अन् ढकललं. लाट घेऊन गेली काठापर्यंत." अश्विनने काठी दुसऱ्या हातात घेतली. "उठाले पाहलो मी. पाय नाही उठला."

देवीदास बाकावर बसला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "काहीच नाही झालं, भाऊ. येवढ्या दूर गेला अन् काहीच नाही झालं याले." एवढं म्हणून तो रडायला लागला. फलाटावरची माणसं पाहू लागली. काही वाईट घडलं असेल म्हणून एक हमाल पाणीही घेऊन आला.

अश्विन त्याच्या शेजारी बसला, दुखरा पाय लांब करून.

"मी सांगून राहिलो होतो, बाबा. गाडी बरोबर हाय म्हणून."

"हाव," देवीदास म्हणाला. "तू सांगून राहिला होता."